एका बटणाचं स्टेशन

३ डिसेंबर

रामराव आज पुन्हा चार वाजताच आले. आपली गाडी पाचची आहे हे त्यांना माहीत नाही असं नाही. जन्मभर दारव्ह्याच्या डेपोत माइकसमोर बसून एसटीच्या वेळा सांगितलेला माणूस. तरी चारला येतात, चपला जिन्याखाली काढतात, वरच्या खोलीत जाऊन आपल्या स्टुलावर बसतात आणि आपण चहाची वाट पाहत नाही आहोत असा चेहरा करतात. मी अकरावी-बारावीच्या पोरांना मराठी शिकवून तेव्हाच घरात शिरलेलो असतो. पायातले मोजेही काढलेले नसतात.

त्यांच्या घरी वच्छलाबाई होत्या तेव्हा हे असं नव्हतं. पाचच्या ठोक्याला यायचे आणि सातला 'घरी वाट पाहून राह्यली असंन' म्हणत उठायचे. पोळ्याच्या सुमारास त्या गेल्या, तेव्हापासून यांचं घड्याळ बिघडलं. आता आठ वाजले तरी हलत नाहीत. बायकोला, शीलाला म्हटलं, कोणीतरी त्यांना वेळेचं सांगायला पाहिजे. ती म्हणाली, "सांगा ना." आणि पातेल्यात आणखी एक कप दूध ओतलं.

या घरात माझ्या तक्रारीला हे असं उत्तर मिळतं.

५ डिसेंबर

कॉलेजातल्या एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, "सर, तुम्ही घरी खेळण्यातली ट्रेन चालवता म्हणे?" चालवतो. पण खेळण्यातली नाही. आमची शकुंतला, ती छोट्या रुळावरची गाडी, बंद पडली, आंदोलनं झाली, निवेदनं झाली, पेपरातल्या माझ्या शुक्रवारच्या सदरात जेवढं टोचता येईल तेवढं टोचून झालं. सरकारला काही टोचलं नाही. तेव्हा रामराव म्हणाले, "मास्तर, ते आणत नाहीत तं आपणच आणू." वरच्या खोलीत प्लायवुडचं टेबल ठोकलं, हैदराबादहून रूळ मागवले, आइस्क्रीमच्या काड्यांचे डबे केले. स्टेशन कुठलं यावर अजून एकमत नाही. रामराव म्हणतात दारव्हा, मी म्हणतो काल्पनिक.

खोलीच्या मधोमध घराचा खांब आहे. टेबल त्याला वळसा घालून जातं, त्यामुळे या टोकाला उभ्या माणसाला ते टोक दिसत नाही. माझं टोक यवतमाळ, रामरावांचं मूर्तिजापूर. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घ्यायची तर रुळाचा एक हलता तुकडा सरकवावा लागतो. पुस्तकात त्याला सांधा म्हणतात, आम्ही काटा म्हणतो. असे काटे दोन्ही टोकांना आहेत. गाडी बाजूच्या लाइनीवर घ्यायची म्हणजे इकडचे काटे मी लावायचे, तिकडचे रामरावांनी. सायकलच्या ब्रेकची वायर टेबलाखालून नेली आहे, ती ओढली की काटा सरकतो. ही युक्ती रामरावांची.

मी ओरडतो, "यवतमाळ लागला." खांबाच्या मागून आवाज येतो, "मूर्तिजापूर लागला. सोड." मग गाडी सुटते. तो आवाज आल्याशिवाय सुटत नाही. इतकी वर्षं एवढंच चाललं आहे, आणि त्या सहकाऱ्याला ते खेळणं वाटतं. त्याच्याशी बोलणं बंद.

९ डिसेंबर

आज गाडी पडली. रामरावांनी 'लागला' म्हटलं आणि लागला नव्हता. त्यांनी भलतीच वायर ओढली होती. गार्डाचा डबा खाली फरशीवर. काड्या सुट्या झाल्या. मी काही बोललो नाही. म्हणजे 'दिसत नाही का?' एवढंच बोललो.

"दिसते ना," ते म्हणाले. "धुकट दिसते."

शीला आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिने खाली जाताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, भाऊजी, दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय, कधी करता? ते म्हणाले, करू. पुण्याहून पोरगा नयन रोज फोन करून राह्यला, इकडे या, इथेच करू म्हणते. पण गेलो का तो परत येऊ देत नाही. डोळे करायचे अन् ठेवूनच घ्यायचं असा डाव आहे त्याचा. "म्हणून जात नाही," असं म्हणून ते डबा चाचपून जोडायला बसले. माझ्यापेक्षा चांगला जोडला, हे इथे कबूल करायला हरकत नाही. तोंडावर म्हणणार नाही.

११ डिसेंबर

वाचनालयाचे सचिव देवसिंग घरी आले. २६ जानेवारीला वाचनालयात कार्यक्रम आहे, त्यात आमची शकुंतला मांडायची म्हणे. मी दोन मिनिटं नाही म्हणायचं म्हणून नाही म्हटलं. मग त्यांनी खरी गोष्ट काढली: मोठे पाहुणे येणार, त्यांनी एक बटण दाबलं पाहिजे आणि सगळं स्टेशन हललं पाहिजे. "सर, दोघंजणं दोन बाजूनं वायरी ओढून ओरडतात, ते बरोबर नाही दिसत. पाहुण्यांच्या हाती एक बटण पाहिजे."

देवसिंगांच्या मते या देशातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी एका बोटावर हलली की बरोबर दिसते. मला हसू आलं. पण रात्री पडल्या पडल्या कल्पना वाईट वाटेना. एक बटण. कोणावर अवलंबून राहायला नको. गार्डाचा डबा खाली पडायला नको.

१५ डिसेंबर

सर्वो आले. काडेपेटीएवढी निळी मोटर, तिच्या डोक्यावर पांढरी दांडी. सांगाल तेवढीच वळते आणि तिथेच घट्ट थांबते. प्रत्येक काट्याखाली एक बसवायची, सगळ्यांचा हुकूम एका छोट्या सर्किटातून जायचा आणि त्या सर्किटाला एक बटण.

बसस्टँडवरचा मोबाइल दुरुस्तीवाला विक्की मदतीला घेतला. तो म्हणाला, "सर, सगळ्यांच्या सिग्नलच्या वायरी एकत्र पिळून टाका. हुकूम एक, काम एक." पटलं. पिळल्या. बटण दाबलं. माझ्याकडचे काटे उजवीकडे गेले, मूर्तिजापूरकडचे बरोबर उलटे. तिकडच्या मोटरी टेबलाखाली आरशातल्यासारख्या फिरवून बसवाव्या लागल्या आहेत, म्हणून तोच हुकूम त्यांना उलटा कळतो. मी म्हटलं, हे राजकीय पक्षासारखं झालं. विक्की म्हणाला, "घरासारखं म्हणा सर."

त्याची बायको कालच माहेरी गेली आहे, म्हणून सोडून दिलं.

रामराव स्टुलावर बसून ऐकत होते. जाताना म्हणाले, "प्रत्येकाले वेगळं सांगा लागंन तुले. कोणाले किती वळायचं." एवढं मलाही समजलं होतं.

२० डिसेंबर

प्रत्येक मोटरला तिचं तिचं वळण वेगळं शिकवलं. आता दिशा बरोबर, पण सगळ्या एकदम निघाल्या की वीज पुरत नाही. सर्किट दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि सगळे काटे अंगात आल्यासारखे थरथरतात. मोबाइलच्या चार्जरवर स्टेशन चालवायला निघालेला मी पहिलाच नसेन, पण इतका चिडलेला पहिलाच. विक्कीने एक दणकट पॉवर सप्लाय आणला, वीटभर वजनाचा. आणि एक दुरुस्ती केली: बटण एकच, पण काटे एकामागून एक हलायचे. एकाने आपलं आटोपलं की पुढच्याने उठायचं.

पॉवर सप्लाय फरशीवर ठेवला तर पोछ्याचं पाणी लागेल, म्हणून मूर्तिजापूरच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवला. अगदी मापाचा बसला.

२४ डिसेंबर

झालं! मी यवतमाळच्या टोकाला उभा राहून बटण दाबलं आणि खांबापलीकडून आवाज आला: खट्, खट्, खट्. गाडी बाजूच्या लाइनीवर गेली, थांबली, परत आली. मी हललो नाही. एक माणूस, एक बोट, अख्खं स्टेशन. बाहेर एवढ्या थंडीत माझ्या कपाळाला घाम.

रामराव आले तेव्हा पहिला प्रयोग त्यांनाच दाखवला. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग खाटेवर बसले. गाडी जाऊन आली. "मस्त झालं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग मी काय करू?"

म्हटलं, "काही नाही. तुम्ही आता आरामात बसा. पाहा फक्त."

"बरं," म्हणाले. चहा अर्धा राहिला होता. साडेपाचला गेले. म्हणजे वेळेचं त्यांना सांगावं लागलं नाही, आपोआप कळलं. यंत्राचा असाही फायदा असतो.

२९ डिसेंबर

रामराव आले नाहीत. कालही नाही, परवाही. शेतावर तुरीच्या शेंगा पाहायला गेले असतील असं धरून चाललो, तर शेत त्यांनी कधीचंच बटईने दुसऱ्याला कसायला दिलेलं. विक्कीने सांगितलं, पाराच्या बाकावर बसले होते, एकटेच. मला राग येतो तो याचा. माणसाला नवं काही पचत नाही. दगडी पाटीवरून मोबाइलवर आलो, बैलबंडीवरून ट्रॅक्टरवर आलो, आणि यांना ब्रेकची वायर सोडवत नाही. चार दिवस तोंड वाकडं करून बसतात, आणि वर कोणी विचारलं तर तब्येत म्हणायला मोकळे.

मी जाणार नाही बोलवायला. माझं काय अडलं आहे? गाडी एका बोटावर चालते.

आज चालवली नाही. कंटाळा आला होता.

२ जानेवारी

आज चालवली. खांबाच्या पलीकडे मोटरी खटखटल्या. बटण दाबताना तोंडातून सवयीने 'यवतमाळ लागला' गेलं. शीला दारात उभी होती.  ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

८ जानेवारी

नयनचा फोन आला, तोही मला. "काका, बाबा तयार झाले यायला. फेब्रुवारीत डोळे करतो. आता तिकडे त्यांचं काय आहे? मी म्हटलं इथेच राहा, तर या वेळी नाही म्हणाले नाहीत." इतके महिने अडून बसले होते, आता एकदम कसे काय तयार झाले, असं त्यालाच कोडं पडलं होतं. सूनबाई प्रेरणाने मागून ओरडून सांगितलं, त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली आहे.

म्हणजे माझ्या सगळ्यात जुन्या शेजाऱ्याचं गाव सोडणं मला पुण्यातून कळलं. तीन घरं सोडून राहतो हा माणूस! वर येऊन सांगायला याला फक्त एक जिना चढावा लागला असता. शीलासमोर म्हटलं, बघितलं का, गुपचूप. सामान बांधलं, आपल्याला पत्ता नाही.

शीला भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या वरच्या खोलीत त्यांचं स्टूल कुठे आहे?"

म्हटलं, पॉवर सप्लाय आहे त्यावर.

"हं," म्हणाली.

तिच्या माहेरी, मारेगावला, सगळेच असं अर्धं बोलतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून उरलेलं अर्धं भरावं लागतं. आज भरायला वेळ नाही. २६ तारीख जवळ आली.

१९ जानेवारी

पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स आला. टेबलापेक्षा लांब. त्यात पाहुणे, देवसिंग, वाचनालयाचे सर्व पदाधिकारी, दोन होतकरू पुढारी, आणि एका कोपऱ्यात इंजिनाचं चित्र. ते इंजिनही आमचं नाही, कुठल्या तरी परदेशी डोंगरातलं, धुरासकट. मी विचारलं, रामरावांचं नाव? देवसिंग म्हणाले, "त्यांना पुढच्या ओळीत बसवतो ना सर, गुलाबाचं फूल देऊन." मी म्हटलं, ही गाडी त्यांची अर्धी आहे. देवसिंग म्हणाले, "पण आता तर एकाच बटणावर चालते ना?"

मला उत्तर सुचलं नाही. मला! लोक माझं सदर वाचतात ते माझ्याकडे उत्तरं असतात म्हणून.

२६ जानेवारी

 क्रमाने लिहितो.

टेबल सुटं करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाचनालयात नेलं, जोडलं. तिथे खांब नव्हता, तर देवसिंगांनी फ्लेक्स आणून बरोबर मूर्तिजापूरच्या टोकापुढे उभा केला. म्हटलं, स्टेशन झाकलं जातं. म्हणाले, पाहुणे झाकले गेले तर चालणार नाही. मग इंजिनाला हळदीकुंकू. मग झेंडूचा हार, जो डब्यांपेक्षा जड. मग पाहुणे. मग फोटो. फोटोग्राफर म्हणाला, "सर, गाडी थोडी मागे घ्या, साहेबांच्या हाताशी इंजिन येऊ द्या." गाडी मागे घेतली गेली. कोणी घेतली हा इथे मुद्दा नाही. मुद्दा हा की शेवटचा डबा फ्लेक्सच्या मागे जाऊन काट्यावर उभा राहिला आणि तिकडे पाहायला कोणी नव्हतं.

माइकवर माझं नाव घेतलं, पाहुण्यांनी बटणावर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात पुढच्या ओळीतून आवाज आला. माइक नव्हता, तरी भिंतीपर्यंत गेला. सगळ्या तालुक्याने हा आवाज कधी ना कधी बसस्टँडवर ऐकला आहे.

"मूर्तिजापूर लागला नाही. सोडू नको."

रामराव उभे होते. हातात गुलाबाचं फूल. लोक हसले. देवसिंगांनी त्यांना खाली बसायची खूण केली. मी ऐकलं. पण पाहुण्यांचं बोट दाबलं गेलं होतं, आणि मोठ्या माणसाचं बोट मागे घ्या असं सांगायची आपल्याकडे रीत नाही.

खट्, खट्, खट्. शेवटच्या डब्याच्या चाकांखाली काटा फिरला. गाडी सुटली तेव्हा इंजिन एका लाइनीवर आणि गार्डाचा डबा दुसऱ्या लाइनीवर. दोघांच्या मधले सगळे आडवे. हारासकट.

पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. भाषणात ते म्हणाले, अशी खेळणी मुलांना आवडतात.

खेळणी!

मी टेबलाखाली वाकून काड्या गोळा करत होतो म्हणून उत्तर देता आलं नाही. वर पाहिलं तेव्हा पुढच्या ओळीतली खुर्ची रिकामी, तिच्यावर गुलाब.

२८ जानेवारी

दोन दिवस मला एकच गोष्ट टोचते आहे. त्यांना दिसलं कसं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मध्ये गालिच्याएवढा फ्लेक्स, त्यावर हसणारी माणसं. मला जवळून दिसलं नाही ते यांना खुर्चीतून दिसलं? की मुद्दाम ओरडले, माझा बेरंग करायला?

याचा सोक्षमोक्ष लावायलाच पाहिजे होता म्हणून त्यांच्या घरी गेलो. दुसरं काही कारण नव्हतं. ते पेटीवर बसून दोरी आवळत होते. स्वयंपाकघरातल्या मांडण्या रिकाम्या. चहाची एकच गंजी, एक ताट, एक पेला, एवढंच बाहेर. वच्छलाबाईंचा फोटो भिंतीवर नव्हता, पेटीत गेला असावा, खिळा मात्र तिथेच होता. मी बसलोही नाही. उभ्यानेच विचारलं, तुम्हाला दिसलं कसं?

"दिसलं कायचं," रामराव म्हणाले. "मले तं पाहुणेबी दिसून नाही राह्यलते."

"मग ओरडलात कशाला?"

त्यांनी दोरीची गाठ बोटांनी चाचपली. "तू विचारलंच नाही ना, मास्तर. तिकडचं विचारल्याबिगर गाडी सोडत असते का कोणी?"

एवढंच. मग विचारलं, चहा ठेवू का, साखर आहे अजून. मी म्हटलं, नको. घरी आलो.

या उत्तराचा मला भयंकर राग आला आहे. म्हणजे त्यांना काहीच दिसलं नव्हतं आणि तरी तेच बरोबर! यात तर्क कुठे आहे? आणि माझ्या एवढ्या मोटरी, त्यांना शिकवलेली एवढी वळणं, त्यातल्या एकीलाही हे विचारावंसं वाटलं नाही. कंपनीचा माल आहे म्हणे.

३० जानेवारी

यंत्रातला दोष सापडला. दोष बटणात आहे.

एकच बटण असेल तर ते दाबणाऱ्याला दुसरं टोक दिसत नाही, त्यामुळे सुरक्षितता राहत नाही. ही शुद्ध तांत्रिक बाब आहे. म्हणून वायर मध्ये कापून दोन बटणं बसवली, एकापुढे एक. एक यवतमाळला, एक खांबाच्या पलीकडे मूर्तिजापूरला. दोन्ही एकाच वेळी दाबलेली असतील तरच वीज पुढे जाते आणि काटे हलतात. एकट्याने कितीही दाबलं तरी काही होत नाही. माझे दोन्ही हात ताणून पाहिले, खांब आडवा येतो. शीलाला पलीकडे उभं करून पाहिलं, तर ती म्हणाली, मला डबे चालवायला सवड नाही. आणि निघून गेली.

विक्की पाहायला आला. म्हणाला, "सर, हे तर उलटं केलं तुम्ही. एका माणसाचं काम होतं, त्याचं दोघांचं करून ठेवलं." त्याला तांत्रिक बाब समजावून सांगितली. तो म्हणाला, "हो सर, तांत्रिकच आहे." त्याच्या बोलण्यात काही तरी होतं. चहा दिला नाही त्याला.

पॉवर सप्लाय भिंतीला खुंटी मारून टांगला. स्टूल पुसून घेतलं.

३१ जानेवारी

उद्या सकाळी नयन गाडी घेऊन येणार. मी रामरावांना निरोप पाठवला की यंत्र बिघडलं आहे आणि तुमच्या ब्रेकच्या वायरी पडून आहेत त्या घेऊन जा. निरोप जरा तुसडाच होता. त्याला इलाज नाही, भाषा माझा धंदा आहे.

चार वाजता जिन्याखाली चपला वाजल्या.

वर आले, हाताने कठडा धरत. थांबले. स्टूल चाचपलं. बसले. मी सगळं समजावून सांगितलं: वायर, वीज, सुरक्षितता, तांत्रिक बाब. ते ऐकत होते. मग बटणावरून बोट फिरवत म्हणाले, "म्हणजे एकट्याले येत नाही?"

"नाही."

"मंग मी नसलो तं?"

"तर काय, बंद. शकुंतलाही बंदच आहे की."

 शीलाने चहा आणला, पातेलंच आणलं. मी माझ्या टोकाला गेलो. 

"यवतमाळ लागला," मी म्हटलं.

खांबाच्या पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.  मग, "मूर्तिजापूर लागला. सोड."

खट्, खट्, खट्.

नंतर किती वाजले पाहिलं नाही.

१ फेब्रुवारी

गेले. नयन चांगला मुलगा आहे, पण घाई फार. प्रेरणाने उशी आणली होती प्रवासासाठी. पारापाशी गाडी थांबवून रामराव खाली उतरले, शीलाला नमस्कार केला, मला म्हणाले, "येतो मास्तर." निघणारी माणसं 'जातो' म्हणत नाहीत म्हणून 'येतो' म्हणतात, त्यात काही अर्थ शोधू नये. मी 'बरं' म्हटलं. नयन म्हणत होता, काका, आता बाबांना तिकडेच करमेल बघा.

हा आत्मविश्वास पुण्याच्या पाण्यात असतो.

२ फेब्रुवारी

चोरी झाली आहे. माझ्या घरात, दिवसाढवळ्या!

वर गेलो तर मूर्तिजापूरचं बटण जागेवर नाही. डबीचे स्क्रू काढून, दोन्ही तारांची टोकं नीट अलग वळवून, डबीसकट नेलेलं. स्क्रू स्टुलावर ठेवलेले. सगळं डोळ्यांनी नव्हे, बोटांनी केलेलं; प्लायवुडवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे आहेत. परवा मी खाली चहाची कपबशी ठेवायला गेलो तेव्हाच केलं असणार.

फोन लावला. प्रेरणाने त्यांच्या कानाला धरला असावा.

"रामराव, बटण तुम्ही नेलं?"

"हो."

"काहून?"

"राहू दे माझ्यापाशी. खिशात आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "डोळे झाले का आणतो. या नयनले सांगून ठेवलं, माझ्याबिगर तिकडची गाडी अडून आहे म्हणून."

मागून नयनचा आवाज आला, बाबा, कसली गाडी? रामरावांनी त्याला डेपोतल्या आवाजात सांगितलं, मधे बोलू नको, लाइनीवर आहे.

मी त्यांना चांगलं सुनावलं. ही सामायिक मालमत्ता आहे, असं कोणी न विचारता नेत नसतं, एवढ्या वर्षांत ही शिस्त का, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवताना विचारलं, "चारले येऊ का पाचले?"

"चारला," मी म्हटलं. "उशीर नको."

८ फेब्रुवारी

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी आहे. दुसरा पुढच्या आठवड्यात.

विक्की आला होता. टेबलाखाली वाकून म्हणाला, "सर, बटण नाही तर काय झालं? या दोन तारा एकमेकींना पिळल्या का तुमचं एकट्याचं स्टेशन चालू. आत्ता करून देतो."

मी त्याला जिन्यावरून खाली घालवला. वर तोंडी ताकीद दिली की त्या तारांना हात लावायचा नाही. तो विचारत होता, पण सर, काहून? प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय लागली आहे या पिढीला.

टोकांना टेप लावून ठेवला आहे, धूळ बसू नये म्हणून. चहाला दूध आजपासून पुन्हा रामरावांच्या कपासकट घे, असं शीलाला सांगायला गेलो. तिने पातेलं दाखवलं. तिने ते कमी केलंच नव्हतं.